प्लेटोची खोली

नाशिकच्या पांडवलेण्यांत पांडव कधी राहिले नव्हते. ती बौद्ध लेणी आहेत, सातवाहन आणि क्षत्रपांच्या दानलेखांनी भरलेली. पण पायऱ्या चढून धापा टाकत वर पोचलं की कुणीतरी भेटतंच, जे हात दाखवून सांगतं, हे भीमाचं, ते द्रौपदीचं. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या आजोबांनी त्याला तेच सांगितलेलं असतं, आणि ऐकणाऱ्यालाही तेच हवं असतं.

स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार इ.स.पू. 25 च्या सुमारास रोमन सुभेदार एलियस गॅलसबरोबर इजिप्तमध्ये फिरत होता, तेव्हा त्याच्या वाट्याला असाच प्रसंग आला. सूर्यदेव रे याचं एकेकाळचं महास्थान म्हणजे हिलिओपोलिस. ते शहर तोवर ओस पडलं होतं. पुरोहितांचे मोठाले वाडे उभे होते, पण तत्त्वज्ञान आणि खगोल जाणणारी मंडळी नाहीशी झाली होती. उरले होते बळी चढवणारे आणि परक्या पाहुण्यांना देऊळ समजावून सांगणारे. त्यांनीच स्ट्रॅबोला प्लेटो आणि ग्रीक गणिती युडॉक्सस हे दोघे जिथे राहून शिकले ती जागा दाखवली. किती वर्षं राहिले? काहींच्या म्हणण्याप्रमाणे तेरा. प्लेटो वारून तेव्हा सव्वातीनशे वर्षं होत आली होती.

आपण इजिप्तला गेलो होतो असं प्लेटोनं स्वतः कुठेही लिहिलेलं नाही.

हे आठवायला कारण घडलं ते एका व्हिडिओमुळे. एका नातेवाइकाने आग्रहाने पाठवलेला, पंधरा मिनिटांचा, मागे गूढ संगीत. म्हणणं एवढंच, की ग्रीक तत्त्वज्ञान म्हणून जे आपण शिकतो ते सगळं इजिप्तच्या देवळांतल्या गुप्त विद्यापीठांतून चोरलेलं आहे. पायथागोरस, प्लेटो, ॲरिस्टॉटल, सगळे तिथले विद्यार्थी. पुढे पदवी लपवून गुरूचं नाव पुसणारे. त्यावर कुटुंबाच्या ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणाला, बघा, पाश्चात्त्यांनी सगळं चोरलं. दुसरा म्हणाला, हा शुद्ध मूर्खपणा, तत्त्वज्ञान थेल्स या ग्रीकापासून सुरू होतं, पुस्तकात तसंच आहे. माझं म्हणणं असं की दोघेही चुकतात, आणि पहिला तर ज्याची बाजू घ्यायला निघालाय त्या इजिप्तचाच घात करतो.

आधी ग्रीकांनी काय सांगितलं ते पाहू. हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्याला इजिप्तमध्ये होता आणि त्याचं दुसरं पुस्तक जवळपास सगळंच त्या देशावर आहे. भूमिती नाईलच्या पुरानंतर शेतांची फेरमोजणी करता करता जन्मली, असं तो सांगतो. ॲरिस्टॉटलचं कारण वेगळं. तो म्हणतो, पुरोहितवर्गाला फुरसत होती, म्हणून गणित तिथे उदयाला आलं. प्लेटोच्या ‘टिमेयस’ या संवादात इजिप्तमधल्या साइस शहराचा म्हातारा पुरोहित अथेन्सच्या सोलोन या कायदेकाराला ऐकवतो की सोलोन, तुम्ही ग्रीक कायमची पोरं, तुमच्यात म्हातारा असा कुणी नाहीच. ऋण लपवायला निघालेले लोक असं लिहीत नाहीत. उलट ग्रीकांना इजिप्तचे शिष्य म्हणवून घेण्याची हौसच होती. जुन्या घराण्याशी सोयरीक असल्याचं कोण लपवतं?

आता ही हौस वाढत कशी गेली ते बघण्यासारखं आहे. इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्सचा वक्ता आयसोक्रेटिस एका ओळीत सांगतो की पायथागोरस इजिप्तला गेला आणि तिथला शिष्य झाला; आणि हे येतं ते अर्धवट थट्टेत केलेल्या स्तुतिभाषणात. इ.स.पू. पहिल्या शतकात इतिहासकार डायोडोरस येतो तोवर यादीच तयार असते. ऑर्फियस, होमर, लायकर्गस, सोलोन, प्लेटो, पायथागोरस, डेमॉक्रिटस, सगळे आमच्याकडे येऊन गेले, असं पुरोहित त्याला सांगतात. पुढे चरित्रकार प्लूटार्कपर्यंत गुरूंची नावंही ठरली होती. सोलोनचा गुरू साइसचा सोंखिस, पायथागोरसचा हिलिओपोलिसचा ओइनूफिस. इसवी सन 300 च्या आसपास आयाम्ब्लिकस या तत्त्वज्ञाकडे पायथागोरसच्या मुक्कामाचा हिशोबही आहे, बावीस वर्षं! पायथागोरसला जाऊन तेव्हा आठशे वर्षं झाली होती. घटना जितकी दूर, तितका तपशील भरघोस. आपल्याकडे भीमाचं जेवणाचं ताट किती मोठं होतं हेही सांगतात, तसलाच हा प्रकार.

आणि पुरोहितांना दोष तरी कसा द्यायचा? इ.स.पू. 332 मध्ये अलेक्झांडरने इजिप्त घेतलं. पुढची तीनशे वर्षं ग्रीक बोलणारे टॉलेमी राज्य करत होते, नंतर रोमन आले. ज्यांची गादी गेली त्यांच्या हाती एवढंच उरलं होतं, की तुमचा तो मोठा प्लेटो ना, तो आमच्या ओसरीवर बसून शिकला. हरलेल्याने गुरुपद राखून ठेवलं. मला यात लबाडी दिसत नाही, करुण मात्र वाटतं.

मग देवळांत प्रत्यक्ष काय होतं? नुसती आरती-नैवेद्य नव्हती, हे नक्की. मोठ्या देवळांना जोडून ‘पेर-आंख’ असे, म्हणजे ‘जीवनगृह’. तिथे पोथ्या लिहिल्या जात, नकलल्या जात, जपल्या जात: विधी, वैद्यक, स्वप्नफल, ताऱ्यांच्या वेळा. एडफूच्या होरसमंदिरात, ज्याचं बांधकाम इ.स.पू. 237 मध्ये सुरू होऊन 57 मध्ये संपलं, खांबांच्या मंडपात एक चिमुकली खोली आहे. तिच्या भिंतीवर पोथ्यांची यादीच कोरलेली आहे. सूर्यचंद्रांच्या फेऱ्यांची पोथी तिच्यात आहे. तिला ग्रंथालय म्हणायचं तर म्हणावं, आकाराने मात्र ती आपल्या जुन्या वाड्यातल्या देवघराइतकी.

उजाहोररेस्नेत नावाच्या साइसच्या राजवैद्याचा पुतळा आज व्हॅटिकनमध्ये आहे, त्यावरचा लेख मला या सगळ्यात फार बोलका वाटतो. पर्शियाच्या दारियसने त्याला मायदेशी परत पाठवलं, मोडकळीला आलेलं जीवनगृह पुन्हा उभं करायला. त्यानं ते केलं, विद्यार्थी भरले, आणि अभिमानाने कोरून ठेवलं की हे सगळे चांगल्या घरचे. गरिबाचं पोर त्यात एकही नाही. विद्या कुणापासून लपवली जात होती याचं उत्तर शोधायला पिरॅमिडखाली भुयार खणायला नको. ते इथे दगडावर आहे, आणि आपल्याला ते नवं वाटायचं कारण नाही.

पुरोहित म्हणजे भगवी वस्त्रं नेसून आयुष्यभर ध्यान लावून बसलेले सिद्ध, ही कल्पनाही सोडायला हवी. बरेचसे पुरोहित पाळीने येत. बराच काळ चार पाळ्या होत्या, एकेका पाळीचा एक महिना. महिनाभर अंगावरचा केस न् केस काढायचा, दिवसा दोनदा आणि रात्री दोनदा थंड पाण्याने अंघोळ, तागाचं वस्त्र, पपायरस या लव्हाळ्याच्या चपला. मग तीन महिने आपलं घर, आपली शेती, आपला धंदा. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांच्या वाऱ्या-पाळ्या ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. गाभारा अंधारा होता, आत जाताना जमीन चढत आणि छत उतरत जाई, सामान्याला आत प्रवेश नव्हता. हे सगळं खरं. पण आत मूर्तीला उठवणं, न्हाऊ घालणं, वस्त्र नेसवणं, जेवू घालणं चाले. आपल्याला काकड आरतीची सवय आहे, आपल्याला त्यात गूढ काय दिसणार? गूढ दिसलं ते बाहेर थांबलेल्या परक्याला.

आता एक गंमत. ‘सर्व गुपितं’ असे शब्द ज्याच्या मथळ्यातच आहेत असा एक इजिप्शियन ग्रंथ खरोखर आहे. अहमोस नावाच्या लेखनिकाने तो इ.स.पू. 1550 च्या सुमारास नकलला, आणि मूळ त्याहून जुनं आहे हे स्वतःच नोंदवून ठेवलं. 1858 मध्ये लक्सरला हेन्री ऱ्हिंड नावाच्या स्कॉटिश माणसाने तो विकत घेतला; आता तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मथळा असा की वस्तूंच्या अंतरंगात शिरण्याची, जे जे आहे ते सगळं आणि सर्व गुपितं जाणण्याची अचूक रीत. उत्सुकतेने उघडावं, तर पहिली उदाहरणं दहा माणसांत भाकरी वाटण्याची! पुढे धान्याची कोठारं, शेतं, पिरॅमिडचा उतार.

पन्नासावं उदाहरण मी वर्गात फळ्यावर मांडून पाहिलेलं आहे. गोल शेत, व्यास नऊ खेत (खेत हे तिथलं लांबीचं माप). क्षेत्रफळ किती? अहमोस म्हणतो, नवाचा नववा भाग काढ, म्हणजे एक. उरले आठ. आठाला आठाने गुण, चौसष्ट. झालं. आजच्या पायने (π) काढलं तर 63.6 येतं. अर्ध्या टक्क्याहून थोडी जास्त चूक, आणि तीही साडेतीन हजार वर्षांपूर्वी, एका वाक्यात लक्षात राहील अशा रीतीने. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘सर, ही पद्धत पायपेक्षा बरी, गुणाकार तरी सोपा आहे.’ तलाठ्याला दुसरं काय लागतं?

पण याच उदाहरणात फरकही दिसतो. अहमोस रीत देतो, ताळा करून दाखवतो, पण ‘असंच का?’ हे कुठे सांगत नाही. त्याला ते सांगायचंच नव्हतं. त्याच्या जगात रीत जुनी आहे हाच तिचा आधार. शबाका राजाच्या शिळेवर, इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीस, कोरलंय की पूर्वजांची कृती किड्यांनी खाल्लेली आढळली, म्हणून राजाने ती नव्याने लिहवली. प्ताह देवाने हृदयात विचार केला, जिभेने नाव उच्चारलं, आणि जग झालं, असं ती शिळा सांगते. विचार आणि शब्दातून सृष्टी, याहून तात्त्विक काय असणार? मी तरी हे निव्वळ पुराण म्हणून बाजूला सारणार नाही. मात्र ते मांडणाऱ्याचं नाव नाही, त्याला कुणी उलट उत्तर दिल्याची नोंद नाही. ग्रीकांकडे जे नवं दिसतं ते नेमकं हे उलट उत्तर आहे. सगळ्याचं मूळ काय? थेल्स पाणी म्हणाला, त्याच्याच मिलेटस गावचा ॲनॅक्सिमँडर नाही म्हणाला. हेराक्लायटस तर पायथागोरस आणि इतिहासलेखक हेकाटियस यांना एका दमात झोडपतो की पुष्कळ माहिती गोळा केली म्हणून अक्कल येत नाही. ॲरिस्टॉटल आपल्या गुरूच्या विरुद्ध पानंच्या पानं लिहितो. नाव घेऊन, समोरासमोर, गुरूशी भांडण. देवळाच्या पाळीत हे बसणं शक्य नव्हतं.

हाच हेकाटियस एकदा इजिप्तमधल्या थिब्जच्या देवळात गेला होता. हेरोडोटस सांगतो, त्याने पुरोहितांना ऐटीत आपली वंशावळ सांगितली की सोळाव्या पिढीला मी थेट देवाचा वंशज. पुरोहितांनी वाद घातला नाही. त्याला आतल्या मोठ्या दालनात नेलं आणि लाकडी पुतळे मोजून दाखवले. एकेक महापुरोहित, बापामागे मुलगा, तीनशे पंचेचाळीस. त्यात देव एकही नव्हता, सगळी माणसं. ग्रीकांवर इजिप्तचा खरा संस्कार शोधायचा तर तो मला या दालनात सापडतो. मंत्र नाही, दीक्षा नाही. आपला इतिहास किती तोकडा आहे याचा एक जोरदार धक्का. आपल्या दंतकथांकडे संशयाने बघायला तिथून सुरुवात होऊ शकते.

देणंघेणं झालं ते बरंचसं असं, उघड्यावर. इ.स.पू. सातव्या शतकात प्साम्तिक राजाने आयोनिया आणि कारियाचे भाडोत्री सैनिक ठेवले. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात नौक्रातिस ही ग्रीक व्यापाऱ्यांची पेठ वसली. अबू सिंबेलला दुसऱ्या रामसेसच्या प्रचंड पुतळ्याच्या पायावर या सैनिकांनी इ.स.पू. 590 च्या आसपास आपली नावं खरडून ठेवलीत. ‘आर्खोन आणि पेलेकोस यांनी लिहिलं’, अशी अगदी सहीसकट. किल्ल्याच्या बुरुजावर बदाम कोरणाऱ्यांचे हे पूर्वज. अशा माणसांबरोबर गोष्टी गेल्या. ग्रीक शिल्पातला डावा पाय पुढे टाकून ताठ उभा तरुण इजिप्तवरून उतरला, हे डोळ्यांनी दिसतं. अंश एक असलेले अपूर्णांक ग्रीक हिशोबात शतकानुशतकं राहिले. 365 दिवसांचं वर्ष इजिप्तचं. एडविन स्मिथ पपायरस या इजिप्शियन वैद्यक-पोथीमधली दुखापतींची 48 प्रकरणं, प्रत्येकात तपासणी, निदान आणि शेवटी ‘यावर उपचार करीन’, ‘याच्याशी झुंजेन’ किंवा ‘यावर इलाज नाही’ असा निर्णय, ही वैद्यकाची शिस्त ग्रीकांच्या हजार वर्षं आधीची.

उलट जिथे ग्रीक स्वतः खात्रीने ऋण सांगतात तिथे कधीकधी ते सापडत नाही. आत्मा मरत नाही, एका देहातून दुसऱ्यात फिरत तीन हजार वर्षांनी पुन्हा माणसात येतो, हे इजिप्शियनांनी आधी सांगितलं आणि काही ग्रीकांनी आपलं म्हणून मिरवलं, असं हेरोडोटस लिहितो. पुनर्जन्माची कल्पना आपल्या रक्तातच असल्याने आपल्याला हे चटकन पटतं. पण इजिप्तच्या ग्रंथांत ती तशी नाही. मृताला ससाणा, बगळा, कमळ होता यावं म्हणून मंत्र आहेत. जन्मांचं चक्र नाही. देवळाच्या दाराशी, दुभाष्यामार्फत, लिपी न वाचता ऐकलेल्या गोष्टीचं असंच होतं.

लिपीचा हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फिलेच्या देवळात हायरोग्लिफमधला, म्हणजे इजिप्तच्या चित्रलिपीतला, शेवटचा लेख इसवी सन 394 चा. त्यानंतर 1822 मध्ये शाम्पोलियोनने ती लिपी उलगडेपर्यंत जवळपास चौदाशे वर्षं ती वाचू शकणारा माणूस उरला नव्हता. या काळात युरोपने आपलं इजिप्त कल्पनेनं भरलं. 1463 मध्ये फ्लोरेन्सच्या कोसिमो मेदिचीने आपल्या पदरच्या विद्वान फिचिनोला प्लेटोचं भाषांतर बाजूला ठेवून हर्मिस ट्रिस्मेजिस्टस या दंतकथेतल्या इजिप्शियन ऋषीच्या पोथ्या आधी घ्यायला सांगितल्या, कारण त्या मोझेसच्या काळच्या समजल्या जात. 1614 मध्ये कॅसोबोन या भाषापंडिताने भाषेवरून दाखवून दिलं की त्या ख्रिस्तानंतरच्या आहेत. 1731 मध्ये तेरासों या फ्रेंच ॲबेने ‘सेथॉस’ ही कादंबरी लिहिली: पिरॅमिडखाली अग्नीची, पाण्याची, वाऱ्याची परीक्षा देऊन दीक्षा घेणारा राजपुत्र. ती खूप वाचली गेली. फ्रीमेसन या गुप्त विधी पाळणाऱ्या मंडळींनी उचलली. मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या संगीतनाट्यामध्ये 1791 साली रंगमंचावर आली. आणि 1954 मध्ये जॉर्ज जेम्स यांनी ‘स्टोलन लेगसी’ लिहिलं तेव्हा त्यांची ‘इजिप्शियन गूढविद्येची व्यवस्था’ याच मेसॉनिक परंपरेतून आली. त्या व्हिडिओतली गुप्त विद्यापीठं थिब्जची नाहीत, पॅरिसची आहेत.

जेम्स यांच्यावर हसणं सोपं आहे, आणि मला ते आवडत नाही. गयानात जन्मलेला कृष्णवर्णीय प्राध्यापक, अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये शिकवणारा, जिथे काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत बसता येत नव्हतं. तुमच्या पूर्वजांनी जगाला काही दिलं नाही हे रोज ऐकणाऱ्या माणसानं ‘सगळं आमचंच होतं’ म्हणून उसळून उठणं समजू शकतं. पण ॲरिस्टॉटलने अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय लुटलं हे त्यांचं विधान टिकत नाही. ॲरिस्टॉटल इ.स.पू. 322 मध्ये वारला. शहराची पायाभरणीच 331 ची, आणि ग्रंथालय टॉलेमींनी पुढे उभारलं. नसलेलं ग्रंथालय कोण लुटणार?

या उसळीची एक देशी गोष्ट आहे. फ्रान्सिस विल्फर्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी काशीत बसून पुराणांत इजिप्त शोधत होता. पंडिताला त्याने काय हवंय ते सांगितलं, आणि पंडिताने ते पुरवलं. 1792 मध्ये नाईल आणि इजिप्तवरचा त्याचा प्रदीर्घ लेख छापून आला, विद्वानांनी माना डोलावल्या. पुढे जुन्या पोथ्या पुन्हा तपासताना त्याच्या लक्षात आलं की पंडिताने पोथ्यांतली नावं खोडून नवी घातली होती, श्लोकच्या श्लोक रचले होते. 1805 मध्ये त्याने छापील कबुली दिली. तरी त्या लेखातला नकाशा नाईलचा उगम शोधणाऱ्या स्पीकने 1863 च्या आपल्या ग्रंथात वापरला. मागणी तसा पुरवठा, दुसरं काय.

आता दुसरा तट. ‘तत्त्वज्ञान थेल्सपासून’ हे वाक्य आपल्याही पाठ्यपुस्तकांत इतकं निवांत बसलंय की ते कधी ठरलं हेही कुणी विचारत नाही. तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजेनिस लाएर्शियस या ग्रीकाने आपल्या ग्रंथाची सुरुवातच या वादाने केलीय: काही म्हणतात तत्त्वज्ञान परक्यांकडे सुरू झालं, पर्शियाच्या मॅजाय पुरोहितांकडे, बाबिलोनच्या खाल्डियन ज्योतिष्यांकडे, भारतातल्या दिगंबर साधूंकडे. तो स्वतः नाही म्हणतो, पण त्याला वाद माहीत आहे आणि तो मांडतो. अठराव्या शतकाच्या शेवटी युरोपीय, मुख्यतः जर्मन इतिहासकारांनी ही प्रस्तावनाच कापली आणि गोष्ट सरळ मिलेटसला सुरू केली. आम्ही ती कापलेली प्रत भाषांतरित केली. मला वाटतं, बी.ए.च्या पहिल्या तासाला थेल्सच्या आधी ‘माणूस आणि त्याचा बा’ (बा म्हणजे आत्मा) हा इजिप्शियन संवाद वाचायला हवा. चार हजार वर्षांपूर्वीचा, बर्लिनच्या एका पपायरसवरचा. जगणं नकोसं झालेला माणूस आपल्याच आत्म्याशी वाद घालतो, आणि आत्मा त्याला ऐकवतो की थडग्यांचं कौतुक सांगू नकोस, दगडाची थडगी बांधणारेही कालव्याच्या काठी बेवारस मेलेल्यांसारखेच झाले. किंवा ते वीणावादकाचं गाणं: तिथून परत येऊन तिकडची हालहवाल सांगणारा कुणी नाही. मरणोत्तर जीवनावर ज्यांनी सारी दौलत उधळली त्यांच्याच भाषेत ही शंका आहे. यात ग्रीकांनी काय नेलं हा प्रश्नच नाही. कुणी नेलं नसतं तरी हे एवढंच मोलाचं राहिलं असतं. ‘चोरलं’ म्हणणारा माणूस इजिप्तची किंमत शेवटी ग्रीकांच्याच तराजूत करतो.

इजिप्तच्या फायूम भागातल्या तेब्तुनिसला सोबेक देवाच्या मंदिराच्या आवारात एक खरीखुरी मंदिर-ग्रंथशाळा सापडली आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली, शेकडो पोथ्यांची. विधी आहेत, वैद्यक, ज्योतिष, स्वप्नफल, आणि लढायांच्या रंगतदार गोष्टीही. तुकडे कोपनहेगन आणि इतर काही शहरांत विभागलेले आहेत. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवायचे, कडा जुळवायच्या, दुसऱ्या शहरातला तुकडा त्याच ओळीचा आहे का बघायचं, असं काम. पुष्कळसं अजून छापलेलं नाही, कारण डेमॉटिक, म्हणजे इजिप्तची रोजच्या व्यवहारातली धावती लिपी, सराईतपणे वाचणारी माणसं जगात थोडी आहेत. ती शिकायला काही वर्षं लागतात. दीक्षा लागत नाही, आणि गरिबाच्या पोरालाही आता मनाई नाही.